एकोणीस महिन्यांत बसलेली बॅटरी: ग्वाल्हेरच्या एका गाडीचे प्रकरण

गाडी पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, ३८बी२०एल मापाची, वर सहा टोपणे असलेली, म्हणजे पाणी घालता येणारी. घर ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, महाराज बाड्यापासून चालत जाण्याइतके जवळ. दारात पत्र्याची शेड, तोंड पश्चिमेला. घरात निवृत्त गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी, मुलगा पुण्यात. गाडी आठवड्यातून दोनदा निघते. एकदा ठाटीपूरला मुलीकडे, एकदा बाजार, बँक आणि देऊळ. प्रत्येक वेळी जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर, आणि गर्दीमुळे त्याला लागतात साधारण ४० मिनिटे.

पहिली बॅटरी, गाडीबरोबर आलेली, साडेचार वर्षे चालली. दुसरी २६ महिने. तिसरी १९व्या महिन्यात, जानेवारीच्या धुक्यात, सकाळी सेल्फ घेईना. शेजाऱ्याच्या गाडीवरून तार लावून गाडी चालू केली, चार दिवसांनी पुन्हा तेच. त्या महिन्यात चार वेळा असे झाले. दुकानदाराने लोड टेस्टर (बॅटरीवर मोठा भार टाकून व्होल्टेज किती टिकते ते दाखवणारे यंत्र) लावला, ‘दम नाही’ म्हणाला आणि चौथी बॅटरी सुचवली. घरात निष्कर्ष निघाला की हल्लीचा माल पूर्वीसारखा राहिलेला नाही.

मालाला दोष देण्याआधी एक गोष्ट नजरेत भरायला हवी होती. पहिली बॅटरी चालली तेव्हा हे गृहस्थ नोकरीत होते. रोज मालनपूरला जाणे-येणे, चाळीसहून अधिक किलोमीटर, त्यातला बराचसा मोकळा रस्ता. दुसऱ्या बॅटरीच्या वेळी नोकरी संपलेली होती आणि गाडीत बाजारातला टचस्क्रीन स्टिरिओ बसला होता. तिसऱ्या बॅटरीच्या वेळी त्यात मुलाने लावून दिलेला जीपीएस ट्रॅकर आला. बॅटऱ्या तिन्ही सारख्याच मापाच्या होत्या. बदलले ते गाडीचे आयुष्य.

आधी मोजणी

बॅटरी काढण्याआधी, चार्जिंगला लावण्याआधी आणि टर्मिनल घासण्याआधी आकडे घेतले. हा क्रम महत्त्वाचा आहे. चार्ज केलेल्या बॅटरीवर घेतलेला आकडा ती का उतरली होती हे सांगत नाही.

गाडी तीन दिवस उभी होती, त्यामुळे प्लेटांवर नुकत्या चार्जिंगचा खोटा फुगवटा नव्हता. गाडी नुकतीच चालवली असेल तर दोन-तीन मिनिटे हेडलाइट लावून ठेवावेत, मग बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे आणि त्यानंतरच व्होल्टेज बघावे. इथे दोन्ही टर्मिनलांवर मल्टिमीटर लावून १२.२० व्होल्ट मिळाले. अशा बॅटरीत पूर्ण चार्ज म्हणजे १२.६ ते १२.७ व्होल्ट, १२.४ म्हणजे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मा आणि १२.० म्हणजे जेमतेम चतुर्थांश. वरून अर्ध्या व्होल्टचा दिसणारा फरक म्हणजे प्रत्यक्षात अर्धी बॅटरी असते, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही.

मग हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे ते दाखवणाऱ्या नळीने, सहाही सेलचे (बॅटरीतल्या सहा कप्प्यांचे) ॲसिड पाहिले. आकडे १.२०० ते १.२१० च्या दरम्यान आले, एकही सेल वेगळा पडलेला नव्हता. ॲसिडचे तापमान १२ अंश होते. हायड्रोमीटरचा आकडा २७ अंशांना धरून वाचायचा असतो. त्याहून थंड ॲसिडाला दर अंशामागे ०.०००७ वजा करायचे, गरमला तितकेच मिळवायचे. १५ अंशांच्या फरकाला सुमारे ०.०१० वजा केल्यावर खरा आकडा १.१९० ते १.२०० उरतो. पूर्ण चार्ज झालेल्या सेलमध्ये तो १.२६० ते १.२८० असतो. म्हणजे व्होल्टमीटर आणि हायड्रोमीटर दोघेही एकच सांगत होते: बॅटरी निम्मी भरलेली आहे.

या वाचनात सगळ्यांत मोलाची गोष्ट होती ती एकसारखेपणाची. एखादा सेल बसलेला असेल तर पाच सेल चांगले दिसतात आणि सहावा ०.०५० किंवा त्याहून जास्त खाली असतो. तशा बॅटरीला चार्जिंगचा उपयोग नाही. सहाच्या सहा सेल सारखेच खाली असतील तर बहुधा बॅटरी बिघडलेली नाही, तिच्या पोटात पुरेसे गेलेले नाही. दुकानातला लोड टेस्टर हा फरक दाखवत नाही. निम्म्या भरलेल्या बॅटरीवर तो लावला की काटा खाली जाणारच. लोड टेस्ट करायची ती बॅटरी पूर्ण चार्ज करून, एरवी त्या परीक्षेला अर्थ नाही. ज्या बॅटऱ्यांची टोपणे उघडत नाहीत त्यांच्यावर रंग बदलणारा छोटा डोळा असतो, पण तो फक्त एका सेलची खबर देतो. हिरवा दिसला म्हणून बाकीचे पाच ठीक आहेत असे धरू नये.

सेल्फ मारताना बॅटरीवर ८.९ व्होल्ट उरत होते, ते ९.६ च्या खाली जायला नको. त्याच वेळी मल्टिमीटरचे एक टोक निगेटिव्ह टर्मिनलच्या खांबावर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरले तर ०.६ व्होल्ट दिसले. हे ०.२ च्या आत हवे. म्हणजे उरलेल्या ताकदीतलाही एक वाटा अर्थिंगच्या खराब जोडावर वाया जात होता.

अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर वीज बनवणारे यंत्र, मात्र निर्दोष निघाला. इंजिन २००० फेऱ्यांवर, सगळे भार बंद असताना बॅटरीवर १४.२ व्होल्ट आले. हेडलाइट, ब्लोअर आणि एसी लावून १३.८. मल्टिमीटर प्रत्यावर्ती (एसी) व्होल्टवर ठेवून पाहिले तर ०.०४ व्होल्ट, म्हणजे डायोडही शाबूत. अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून बघण्याची जुनी रीत अजून काही गॅरेजांत दिसते. तसे कधीही करू नये आणि कोणी करू लागला तर थांबवावे. बॅटरी हटली की व्होल्टेज क्षणात उसळते. त्यात ईसीयू (इंजिनचा संगणक) आणि अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात, आणि त्यांची किंमत बॅटरीच्या कितीतरी पट असते.

उभ्या गाडीत काय चालले होते

चार्जिंग ठीक आहे, सेल सारखे आहेत आणि तरी बॅटरी निम्मी. मग वीज जाते कुठे? चावी काढल्यावरही प्रत्येक गाडी थोडी वीज घेत राहते. घड्याळ, रिमोट लॉकचा रिसीव्हर आणि ईसीयूची स्मृती यांना ती लागते. साधारण २० ते ५० मिलिअँपिअर हा धडधाकट आकडा.

मोजायची पद्धत नीट पाळली नाही तर आकडा दिशाभूल करतो. बॉनेट उघडायचे, ड्रायव्हरचा दरवाजा उघडा ठेवून त्याचे कुलूप स्क्रू ड्रायव्हरने दाबून ‘बंद’ स्थितीत न्यायचे, म्हणजे दिवा विझतो आणि गाडीला दरवाजा लागल्यासारखे वाटते. फ्यूज बॉक्सपर्यंत हात जावा म्हणून हे करावे लागते. चावी घरात, गाडीपासून लांब. मल्टिमीटरची लाल तार १० अँपिअरच्या छिद्रात. निगेटिव्ह टर्मिनलची केबल सैल करून काढायच्या आधीच एक जाड तार खांबापासून केबलपर्यंत जोडून ठेवायची, मग केबल काढायची, मीटर मध्ये जोडायचा आणि शेवटी ती तार हटवायची. अशाने गाडीची वीज क्षणभरही तुटत नाही आणि आतले मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक भाग) पुन्हा जागे होत नाहीत. त्यानंतर ३० ते ४० मिनिटे काही न करता थांबायचे. नव्या गाड्यांतले मॉड्यूल झोपायला तितका वेळ घेतात. पहिल्या मिनिटाला दीड-दोन अँपिअर दिसतात, ते पाहून लोक घाबरतात आणि भलतीच वस्तू बदलतात. मीटर जोडलेला असताना चावी मात्र फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज उडेल.

चाळीस मिनिटांनी आकडा ११२ मिलिअँपिअरवर स्थिरावला. मग एकेक फ्यूज काढून मीटर बघायचा. स्टिरिओचा फ्यूज काढल्यावर ११२ चे ३८ झाले. ट्रॅकरची तार सोडवल्यावर ३८ चे २२. उरलेले २२ गाडीचे स्वतःचे, त्यात काही वावगे नाही.

स्टिरिओ ७४ मिलिअँपिअर का घेत होता, याचे उत्तर डॅशबोर्ड उघडल्यावर मिळाले. बाजारातल्या स्टिरिओला मागे पिवळी, लाल आणि काळी अशा विजेच्या तीन तारा असतात. पिवळीला कायमची वीज लागते, तीही फक्त स्मृतीपुरती. लालला चावी फिरवल्यावरच येणारी वीज लागते, तिच्यावरून स्टिरिओला गाडी चालू की बंद ते कळते. काळी म्हणजे अर्थ. बसवणाऱ्याने लाल आणि पिवळी एकत्र पिळून कायमच्या विजेला जोडल्या होत्या. त्याचा फायदा असा की चावीशिवाय गाणी लागतात, आणि बसवणाऱ्याचे दहा मिनिटांचे काम वाचते. तोटा असा की स्टिरिओच्या लेखी गाडी कधी बंदच होत नाही. बटण दाबून पडदा काळा केला तरी आतला प्रोसेसर अर्धवट जागा राहतो. ही जोडणी इतकी सर्रास दिसते की बाहेरून स्टिरिओ बसवलेल्या आणि वारंवार बॅटरी उतरणाऱ्या गाडीत आम्ही आधी तिथेच बघावे असे सुचवू.

हिशेब

११२ मिलिअँपिअर म्हणजे ०.११२ अँपिअर. चोवीस तासांत २.७ अँपिअर-तास, आठवड्याला जवळजवळ १९. ३५ च्या बॅटरीतून दर आठवड्याला निम्म्याहून जास्त वीज उभ्या उभ्या जात होती.

भरत किती होती? दोन फेऱ्या मिळून ८० मिनिटे. निम्म्या उतरलेल्या बॅटरीने त्या वेळात सरासरी ८ अँपिअर घेतले असे धरले, तर साधारण साडेदहा अँपिअर-तास आत जातात, आणि त्यातलाही काही भाग चार्जिंगच्या नुकसानीत जातो. हाती लागतात नऊ. १९ गेले, नऊ आले. मग बॅटरी चार आठवड्यांत कोरडी का पडली नाही? कारण ती जितकी खाली जाते तितकी चालत्या इंजिनाकडून जास्त वीज ओढते, आणि कुठेतरी निम्म्याच्या आसपास किंवा त्याखाली एक तडजोड ठरते. गाडी चालू होत राहते, म्हणून कोणाला शंका येत नाही. बॅटरी मात्र वर्षभर अर्धपोटी राहते.

अर्धपोटी राहण्यात नुकसान कसले, तर सल्फेशनचे. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. ताजे असताना त्याचे कण बारीक असतात आणि चार्जिंगने ते परत शिसे, शिशाचा ऑक्साइड आणि ॲसिड यांत विरघळतात. आठवडे, महिने तसेच राहिले तर त्यांचे मोठे, कठीण स्फटिक होतात. त्यांच्यातून वीज नीट जात नाही आणि साध्या चार्जिंगने ते परत येत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. शिवाय पूर्ण चार्ज न होणाऱ्या बॅटरीत बुडबुडे फारसे येत नाहीत, ॲसिड ढवळले जात नाही, आणि जड ॲसिड तळाशी, पातळ वर असे थर साठतात. तळाकडची प्लेट जास्त सल्फेट होते. म्हणून हायड्रोमीटरने वरचे ॲसिड शोषून घेतलेला आकडाही कधी कधी फसवा असतो. चार्जिंगनंतर पुन्हा मोजणे आवश्यक आहे ते याचसाठी.

घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी रोज उतरते तरी पाच-सहा वर्षे टिकते, मग हिला काय झाले, हा प्रश्न इथे हटकून विचारला जातो. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी खोलवर उतरून पुन्हा भरण्यासाठीच बनवलेली असते, तिच्या पॉझिटिव्ह प्लेट जाड नळ्यांच्या असतात. गाडीच्या बॅटरीत पातळ प्लेटा दाटीने भरलेल्या असतात, कारण तिला दोन सेकंद दीडशे-दोनशे अँपिअर द्यायचे असतात आणि लगेच परत भरून घ्यायचे असते. तिला खोल उतरणे सोसत नाही.

मुलाने पुण्याहून फोनवर सांगितलेला उपाय होता, ‘बाबा, रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत जा.’ तो उपाय भला वाटतो, पण गणितात बसत नाही. सेल्फ मारण्यात जाते ती वीज थोडी: २०० अँपिअर दोन सेकंद म्हणजे ०.११ अँपिअर-तास. खरी अडचण पुढे आहे. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असताना, अल्टरनेटर आपल्या क्षमतेचा थोडासाच भाग देतो, त्यातून इंजिनचा स्वतःचा खर्च वजा होतो. बॅटरीकडे पाच-सहा अँपिअर आले तरी दहा मिनिटांत होतो एक अँपिअर-तास. रोजची गळती होती २.७. वर महिन्याला तीनेक लिटर पेट्रोल, आणि इंजिन नीट तापत नसल्याने सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साचते ते वेगळे. धुक्याच्या सकाळी हेडलाइट, मागच्या काचेचा डीफॉगर आणि ब्लोअर लावून गर्दीत उभे राहिले तर आयडलवर बॅटरी भरण्याऐवजी उतरूही शकते. या गाडीत सगळे भार लावून आयडलवर १३.१ व्होल्ट दिसले आणि आकडा हळूहळू खाली सरकत होता.

ग्वाल्हेरचे हवामान

थंडीला दोष देण्याची सवय सगळीकडे आहे, कारण गाडी बंद पडते ती जानेवारीत. पण या शहरात बॅटरी मारतो तो मे आणि जून. ४५ अंश आणि त्यावरचे दिवस इथे बहुतेक उन्हाळ्यांत येतात. दुपारी गाडी फिरून आली की इंजिनची उष्णता बॉनेटखाली कोंडते, वर पत्र्याची तापलेली शेड, पश्चिमेचे ऊन. रासायनिक क्रियेचा वेग साधारण दर १० अंशांना दुप्पट होतो, आणि बॅटरीत त्या वेगाने वाढणाऱ्या गोष्टी सगळ्या नको असलेल्या आहेत: पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजणे, पाणी उडणे, आपोआप उतरणे. गरम ॲसिडात बॅटरी सेल्फ मात्र झोकात मारते, म्हणून उन्हाळ्यात काही कळत नाही.

जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर आला की दोन गोष्टी एकदम होतात. शून्याजवळ बॅटरीची सेल्फ मारण्याची ताकद दोन तृतीयांशाच्या आसपास येते, आणि इंजिन ऑइल घट्ट झाल्याने सेल्फला जास्त ताकद लागते. उन्हाळ्यात जाळी गंजलेली आणि वर्षभर अर्धपोटी राहिलेली बॅटरी इथे उघडी पडते. नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीला ग्वाल्हेरची थंडी काहीच करत नाही.

इथे एक चूक माणसाच्या हाताने झालेली होती. गाडीबरोबर आलेल्या बॅटरीभोवती जाड कापडासारखे आवरण होते. इंजिनची उष्णता अडवायला ते दिलेले असते. बॅटरी बदलताना ते जुन्या बॅटरीबरोबरच गेले. त्याच वेळी बॅटरी धरून ठेवणाऱ्या पट्टीचा एक हुक-बोल्टही गायब झाला होता, त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक गतिरोधकावर बॅटरी ट्रेमध्ये हलत होती. हादऱ्यांनी प्लेटांवरचा लगदा गळून तळाशी साचतो आणि कधीतरी तिथेच शॉर्ट होतो. दोन्ही वस्तू स्पेअर पार्टच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतात. बॅटरी बदलताना मालकाने शेजारी उभे राहून दोन्ही परत बसल्या का ते पाहावे.

काय केले

पहिल्यांदा तारा. स्टिरिओची लाल तार पिवळीपासून सोडवून लायटर सॉकेटच्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेवरून जादा तार काढायची जोडणी) लावून घेतली. त्या फ्यूजला चावी फिरवल्यावरच वीज येते, हे आधी मीटरने पाहून घ्यायचे, कारण काही गाड्यांत तो कायम चालू असतो. स्टिरिओचा उभा खर्च ७४ वरून ४ मिलिअँपिअरवर आला. ट्रॅकर मुलाला हवा होता, म्हणून ठेवला. एकूण आकडा झाला ४२: गाडीचे २२, ट्रॅकरचे १६, स्टिरिओचे ४. दिवसाला एक अँपिअर-तास, आठवड्याला सात.

मग टर्मिनल. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. उलट केले तर पॉझिटिव्हवरचा पाना गाडीच्या धातूला टेकून मोठी ठिणगी पडते. पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुतली. टोपणे घट्ट बंद असली पाहिजेत, सोड्याचे पाणी आत गेले तर ॲसिडचा जोर कमी होतो. खांब आणि क्लँपची आतली बाजू तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासली, दहाच्या पान्याने आवळली आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावली. जेली आधी लावून मग क्लँप बसवू नये. इंजिनकडे जाणारी अर्थिंगची पट्टी बॉडीला जिथे मिळते तिथे रंगाखाली गंज होता. तो खरवडून नवा बोल्ट घातला. सेल्फ मारतानाचा ०.६ व्होल्टचा तोटा ०.१५ वर आला.

दोन सेलमध्ये पाणी प्लेटांच्या कडेपर्यंत उतरले होते. प्लेटा झाकण्यापुरतेच डिस्टिल्ड वॉटर आधी घातले. वरच्या खुणेपर्यंत भरायचे ते चार्जिंग संपल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधीच काठोकाठ भरलेले असेल तर ॲसिड बाहेर सांडते. ॲसिड कधीही घालायचे नाही. सेलमधून उडते ते पाणी, ॲसिड तिथेच असते. आरओचे पाणी चालणार नाही, त्यात क्षार उरतातच. घरच्या एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी बाटलीत साठवून बॅटरीत घालण्याची रीत आपल्याकडे बरीच आहे. पण ते पाणी कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश घेऊन येते. पाच लिटरचा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन वर्षभर पुरतो, तिथे काटकसर नको.

बॅटरी गाडीतून काढून हवेशीर पडवीत २ अँपिअरवर ३० तास चार्ज केली. घाईने १० अँपिअरवर लावली असती तर वरवर व्होल्टेज चढले असते, प्लेट गरम झाल्या असत्या आणि सल्फेट तसेच राहिले असते. शेवटच्या तासांत सहाही सेलमध्ये बुडबुडे यावे लागतात, त्यानेच थर मोडतात. त्या वेळी निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, म्हणून जवळ निरांजन, उदबत्ती, विडी, ठिणगी काही नको. डोळ्यांवर चष्मा आणि हाताशी पाण्याची बादली ठेवावी. बॅटरीत जीव आहे का हे तारा एकमेकींना टेकवून ठिणगीने बघणे तर मुळीच नको.

चार्जिंगनंतर बारा तास तशीच ठेवून मोजले. पाच सेल १.२४० ते १.२४५, एक १.२२५. व्होल्टेज १२.५०. लेबलवर लिहिलेल्या सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर, थंडीत सेल्फ मारण्याची ताकद) आकड्याच्या निम्मा भार १५ सेकंद लावला, तेव्हा १०.० व्होल्ट टिकले. म्हणजे १.२६० पर्यंत ती पोहोचली नाही, सल्फेशनने काही भाग कायमचा नेला. तरी ती भंगारात देण्याजोगी नव्हती. गाडीत बसवल्यावर सेल्फ मारताना १०.३ व्होल्ट उरू लागले.

आठवड्याला सात अँपिअर-तासांची गळती आणि ८० मिनिटांचा प्रवास, हा हिशेब आता काठावर बसतो, सोईस्कर नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी रात्रभर चार्जर लावायचे ठरले. ४ अँपिअरचा स्वयंचलित चार्जर घेतला, जो १४.४ व्होल्टपर्यंत नेऊन मग १३.६ वर स्थिर होतो. बॅटरीला कायमच्या दोन छोट्या तारा फ्यूजसह जोडून ग्रिलपर्यंत आणल्या, म्हणजे काकूंनाही बॉनेट न उघडता प्लग लावता येतो. आधी बॅटरीकडची जोडणी, मग भिंतीवरचे बटण. काढताना आधी बटण. उन्हाळ्यात हे काम रात्री नव्हे, पहाटे पाचच्या सुमारास सुरू करायचे. गरम बॅटरीला चार्जिंगचे व्होल्टेज दर अंशामागे सुमारे ०.०२ व्होल्टने कमी लागते, आणि साध्या चार्जरला ते कळत नाही. उन्हाळ्याच्या तापलेल्या रात्री बॅटरी जास्त चार्ज होऊन पाणी उडते.

महिनाभर पुण्याला जायचे असेल तेव्हा चार्ज पूर्ण करून निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवायचे. घड्याळ पुन्हा लावावे लागेल आणि पहिल्या दिवशी आयडल थोडे खाली-वर होईल, तेवढेच. ट्रॅकर त्या काळात आपल्या आतल्या बॅटरीपुरताच चालेल, हे मुलाला आधी सांगून ठेवावे.

पुन्हा कधी दुसऱ्या गाडीवरून चालू करावीच लागली तर आधी लाल ते लाल जोडायची. मग मदतीच्या गाडीच्या निगेटिव्हवरून काळी तार आणून तिचे शेवटचे टोक आपल्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब जोडायचे. चालू झाली म्हणजे बॅटरी भरली असे नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी अल्टरनेटरवर टाकून भरणे हे अल्टरनेटरलाच तापवणे आहे. त्याच दिवशी ती चार्जरवर जायला हवी. या गाडीत जानेवारीत चार वेळा तार लावली गेली आणि चारही वेळा नंतर ती दहा मिनिटे चालवून उभी केली. त्या चार खोल डिस्चार्जांनी बॅटरीचे बरेच आयुष्य खाल्ले असावे.

पुढचे वर्ष

मे आणि जूनमध्ये दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा पाण्याची पातळी पाहिली गेली. जूनअखेर सहा सेलमध्ये मिळून पाव लिटरच्या आसपास डिस्टिल्ड वॉटर लागले. शेडच्या पत्र्याखाली बांबूच्या ताट्यांचे छत बांधले आणि दुपारची बाजाराची फेरी सकाळी साडेसातला नेली. नवे आवरणही बसवले. या तिन्हींतला कोणता उपाय किती उपयोगी ठरला हे वेगळे काढता येत नाही.

ऑक्टोबरमध्ये उभे व्होल्टेज १२.४८, उभा खर्च ४३ मिलिअँपिअर. पुढच्या जानेवारीत, सहा अंशांच्या सकाळी, दोन दिवस उभ्या असलेल्या गाडीने पहिल्याच सेल्फला इंजिन घेतले, ९.८ व्होल्ट राखून. बॅटरी तेव्हा ३१ महिन्यांची झाली होती. मागे पडलेला तो एक सेल आता १.२१५ वर आहे, बाकीच्यांपेक्षा ०.०२५ ने खाली. हा फरक ०.०५० झाला, किंवा पूर्ण चार्जनंतर निम्म्या भाराला १५ सेकंदांत ९.६ च्या खाली गेली, की बदलायची असे ठरले आहे.

तेव्हा नवी घेताना त्याच मापाची घ्यावी, मोठी नको. ट्रेमध्ये न बसणारी बॅटरी धरपट्टीविना हलत राहते. वर छापलेली उत्पादनाची तारीख तीन महिन्यांहून जुनी नसावी आणि दुकानातच मीटर लावून १२.५ व्होल्टच्या खाली असेल तर परत करावी, कारण दुकानाच्या तापलेल्या फळीवर पडलेल्या बॅटरीचे सल्फेशन तिथेच सुरू झालेले असते. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्यावा. सहाही सेल सारखे उतरलेले दिसले तर दुकानदार ‘चार्ज करून देतो’ म्हणून परत पाठवतो आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो. जुनी बॅटरी दुकानातच द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि तिच्या शिशाची किंमत नव्या बिलातून वजा होते. नवी बसवल्यावर पहिल्याच रात्री चार्जर लावून ती पूर्ण भरावी, आणि दुसऱ्या दिवशी उभा खर्च पुन्हा एकदा मोजून तो आकडा वॉरंटी कार्डाच्या मागे लिहून ठेवावा.